दोघांचा एकच अर्ज

गावाकडे फोन लावला की धाकटा भाऊ अजूनही विचारतो, "अक्का, तिकडं नोकरी गेली की सरकार घरबसल्या पगार देतं म्हणं. खरं काय?" मी त्याला दर वेळी सांगते की बाबा, ते देश वेगळे. सिंगापुरात बेकारभत्ता म्हणून काही नाही. मदत आहे. पण ती मागायला यावं लागतं, का मागतो ते सांगावं लागतं, आणि नवरा-बायको असाल तर दोघांनी मिळून सांगावं लागतं. जिथे हे सांगायला लोक येतात, त्या कार्यालयाच्या दारात मी बरीच वर्षं उभी होते. नंबर देणारी बाई म्हणून.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कामाबद्दल लिहा असं संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा भीतीच वाटली. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही चंदगडकडच्या शाळेत, जिथे पावसाळ्यात गुरुजीच यायचे नाहीत. या अंकात लिहिणारी मंडळी बँकांतली, विद्यापीठांतली. पण बाई म्हणाल्या, बोलता तसं लिहा. म्हणून लिहिते आहे. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

त्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेले ती कामाला नव्हे, मदत मागायलाच. आमचे मालक शिपयार्डात वेल्डर. त्यांच्या उजव्या हाताला दुखापत झाली आणि ते घरी बसले. आम्ही दोघं खुर्च्यांवर अंग चोरून बसलो होतो, तेवढ्यात समोरच्या काउंटरवर एक पंजाबी आजी रडायला लागली. तिला इंग्रजी येईना, तिथल्या कुणाला हिंदी येईना. मी उठून माझ्या मोडक्या हिंदीत तिला विचारलं, मोडक्या इंग्रजीत साहेबाला सांगितलं आणि परत जागेवर येऊन बसले. उठायला नको होतं, आता आपला अर्ज बाद करतील, असं मला वाटत राहिलं. तिथल्या मुख्य मॅडम चिनी होत्या, केस अगदी बारीक कापलेले, बोलणं त्याहून तोकडं. त्यांनी हे पाहिलं होतं. मालकांचा हात बरा झाला, आमची मदत थांबली, त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "यू कम मंडे. वर्क." त्या चार शब्दांवर आमच्या पोरांची शिक्षणं झाली. मॅडम आज हयात नाहीत. देवापुढे हात जोडताना मी त्यांचंही नाव घेते. त्यांचा देव कोणता ते मला माहीत नाही, पण पोचत असेल.

काम सांगायला सोपं होतं. मशीनमधून नंबर काढून द्यायचा. नोकरी गेल्याचं पत्र, वीजबिल, बँकेचं पुस्तक आणलंय का ते बघायचं. लहान पोर असेल तर त्याला रंगवायला कागद द्यायचा. पाणी द्यायचं. भाषा अडली तर मध्ये बसायचं. हिंदी होती, आणि बाजारात मिरच्या-कोथिंबीर घेता घेता शिकलेली थोडी मलय. मध्ये बसण्याचा नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. माणूस बोलेल तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. मला तो नियम आवडायचा. आपल्या पदरचं घालायला माझ्याकडे होतं काय?

आत येणारं जोडपं नवरा-बायकोचं आहे हे मला लांबून कळायचं. मायलेक असले तर लगटून बसतात, भावंडं असली तर मोबाइल बघतात. नवरा-बायको मध्ये एक खुर्ची रिकामी सोडतात. नंबर बहुतेक वेळा बायको घ्यायला येते. नवरा बाहेर सिगारेट ओढत असतो, नाहीतर भिंतीवरचं पोस्टर वाचत असतो. एकच पोस्टर, पुन्हा पुन्हा.

आता अर्जाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अर्ज घराचा असतो, एकट्या माणसाचा नाही. नवऱ्याची नोकरी गेली असली तरी बायकोलाही बोलावतात. ती काय करते, करू शकते का, हे विचारतात. ती अर्धवेळ कुठे जात असेल तर ते धरून बाकीचं किती कमी पडतं ते बघतात. पुष्कळांना वाटायचं, बायको काहीतरी कमावते असं सांगितलं तर मदत मिळणार नाही. तसं नव्हतं. थोडी कमी व्हायची, पण घर हातपाय हलवतंय हे दिसलं की साहेबलोकांचा हात सैल व्हायचा. नुसतं बसून असणाऱ्या घराला ते जास्त प्रश्न विचारायचे. शेवटी दोघांच्या सह्या. एकाची असली तर अर्ज पुढे जात नसे.

एक चिनी जोडपं आठवतं. अंकलची भाड्याची टॅक्सी गेली होती आणि आंटी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, दुपारच्या वेळेला भांडी घासायची. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, किती तास काम करता? आंटी म्हणाली, पाऊस आला तर कमी, लोक येत नाहीत. मग तिने नवऱ्याकडे अंगठा केला. "आय वॉश, ही ईट. एव्हरी डे लाइक दॅट, लाह." अंकल उसळून म्हणाला की मी खातो तेव्हा ही ताटासमोर बसून मोजते. दोघं चिनीत इतकी कडाडून भांडली की मॅडम आतून बाहेर आल्या. पण मुलाने जे जे विचारलं त्याचं खरं उत्तर दोघांनीही दिलं, एकमेकांची उणीदुणी काढत दिलं, आणि सह्या करून एकाच पेल्यातलं पाणी पिऊन गेली. त्यांचं काम एका दिवसात झालं.

आपल्या माणसांचं असं होत नाही. हे मला सावंतांकडून कळलं. सावंत हे त्यांचं खरं नाव नव्हे.

ती मोठी मंदी आली होती ते दिवस. बँकांतून माणसं खोक्यात सामान भरून बाहेर पडताना टीव्हीवर दिसायची. तोवर आमच्या दारात कामगार, टॅक्सीवाले, सफाईच्या बायका यायच्या. त्या वर्षी इस्त्रीचे शर्ट यायला लागले. पराग सावंत त्यातलेच. एका बँकेच्या बॅक-ऑफिसात चांगल्या जागेवर होते, इथले नागरिक झाले होते, चोआ चू कांगला फ्लॅट घेतला होता. सोबत बायको स्नेहल. कागदावर आडनाव बघितलं आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "या, नमस्कार."

त्यांचा चेहरा बदलला. आपलं माणूस भेटल्याचा आनंद नव्हता तो. मंडळाच्या गणपतीत मी पंगतीत वाढायला असते, ते स्टेजवर असतात. आता मी त्यांना इथे बघितलं होतं. "आय डोन्ट नीड ट्रान्सलेशन," ते मला म्हणाले, इंग्रजीत. स्नेहलने मात्र मान लववली.

काउंटरवर जेसन होता. तरुण, पोरगेलासा, पण कामाला चोख. मी पाण्याचे पेले ठेवायला गेले तेव्हा तो विचारत होता, "युअर वाइफ वर्किंग?"

"नो," सावंत म्हणाले. "शी इज अ हाउसवाइफ."

जेसनने स्नेहलकडे बघितलं. "मॅडम, करेक्ट?"

तिने मांडीवरची पर्स सरळ केली आणि म्हणाली, "येस." दोघांनी सह्या केल्या. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधी असतो तसा इथे प्रत्येकाच्या नावे असतो, आणि कंपनीने पगार दिला की त्यात नोंद होते. अर्ज पुढे गेला आणि स्नेहलच्या नावावर दर महिन्याची नोंद निघाली. घरी बसणाऱ्या बाईला पगार कोण देतं? खोटी माहिती दिली तर अर्ज तिथेच बंद करायची पद्धत होती. पण मॅडम एकदा संधी देत. दोघांनी परत या, बरोबर सांगा. पुन्हा चुकलं तर मग नाही.

ठरलेल्या दिवशी स्नेहल आधी आली. सावंत गाडीत बसले होते, ती गाडी तेवढी अजून विकायची राहिली होती. ती पाण्याच्या फिल्टरपाशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही कुठल्या?"

"चंदगडकडची."

"आम्ही सांगलीचे." तिने एकदा दाराकडे बघितलं. "मी सेंगकांगला जाते, सकाळी. पाळणाघरात. लहान मुलांना भरवायचं, धुवायचं, झोपवायचं. दुपारी मुलगी शाळेतून यायच्या आत घरी."

"सेंगकांग? इथून? दोन गाड्या बदलून?"

"तिकडे आपल्यातलं कुणी भेटत नाही," ती म्हणाली. "यांचीच अट होती. जायचंच तर लांब जा."

मला राहवलं नाही. "मग साहेबांनी हाउसवाइफ कसं सांगितलं?"

"त्यांच्या लेखी ते खोटं नाहीये हो. ते म्हणतात, तू वेळ घालवायला जातेस. बीकॉम होऊन लोकांच्या पोरांची ढुंगणं धुतेस, त्याला काय नोकरी म्हणायचं?"

"आणि तुम्ही येस म्हणालात."

"परक्या माणसापुढे नवऱ्याला खोटं पाडू?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारणंच चूक होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी मी काय वेगळं केलं असतं?

मग तिने मला एका दमात सगळं सांगितलं. पाळणाघराने तिला पूर्ण दिवसाचं काम देऊ केलं होतं. सावंत नको म्हणत होते. इथून तीन-चार महिन्यांची मदत मिळाली तर फ्लॅटचा हप्ता सांभाळता येणार होता. नाही मिळाली तर फ्लॅट विकून सांगलीला जायचं, दिरांच्या घरात एक खोली. मुलगी सहावीत, पुढची शाळा जिच्यावर ठरते ती इथली मोठी परीक्षा तोंडावर. मराठी तिला बोलता येते पण लिहिता येत नाही. "तिला तिथे कुठल्या वर्गात बसवतील, ताई?" मी तिला पाणी दिलं.

सावंत आले, दोघं जेसनसमोर बसली. त्याने विचारायच्या आतच स्नेहल म्हणाली, "आय वॉन्ट ट्रान्सलेटर. मराठी."

सावंत चमकले. "स्नेहल, तुला इंग्लिश येतं."

"येतं. आज मला मराठीत बोलायचंय."

मी मध्ये जाऊन बसले. स्नेहल टेबलाच्या कडेकडे बघत माझ्याशी बोलायला लागली, हळू, पण एकेक शब्द सुटा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला इंग्रजीची अडचण नव्हतीच. नवऱ्याच्या विरुद्ध जाणारं वाक्य तिला स्वतःच्या तोंडाने त्या साहेबाला सांगायचं नव्हतं. ते माझ्या तोंडून जायला हवं होतं.

"जेसनना सांगा, मी काम करते. गेल्या दिवाळीच्या आधीपासून."

"शी इज वर्किंग, सर. सिन्स बिफोर दीपावली."

"सांगा, ते वेळ घालवायला नाही. आज घरात जे शिजतं ते त्यावर शिजतं."

वेळ घालवायला या शब्दांना मला इंग्रजी सापडेना. मी म्हणाले, "नॉट फॉर फ्री टाइम, सर. फॉर राइस."

"ताई, तुम्ही जास्तीचं बोलताय," सावंत दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही साहेब. त्या बोलल्या तेवढंच."

"सांगा, मला पूर्ण दिवसाचं काम मिळतंय. मी घेणार आहे." हे वाक्य सावंतही तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत असावेत. ते खुर्चीत मागे सरकले.

मी सांगितलं, आणि जेसन चक्क हसला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार. "सर, बट दिस इज गुड," तो म्हणाला. "व्हाय यू नेव्हर टेल? वाइफ वर्किंग पार्टटाइम, दिस वन हेल्प यू, लाह." जी गोष्ट त्यांनी लपवली होती, तीच त्यांच्या बाजूची होती. सावंतांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

जेसनने भराभर सांगायला सुरुवात केली. मदत मिळेल, काही महिन्यांपुरती. बायकोने पूर्ण वेळाचं काम धरायचं. सरांनी नोकरीच्या मेळाव्यांना जायचं, मिळेल ती योग्य नोकरी बघायची, आणि तोवर दुपारी मुलीसाठी घरी राहायचं. मग स्क्रीनकडे बघत, पुढचा प्रश्न म्हणून, त्याने सहज विचारलं की घरातलं मुख्य कमावतं माणूस कोण.

"आय ॲम अ बँकर," सावंत म्हणाले.

"नाऊ, सर. नाऊ हू?"

मागे नंबर पुकारायची घंटी वाजत होती. स्नेहल पर्सचा बंद उलगडत होती, परत गुंडाळत होती. आपण या दोघांच्या मधून उठून जावं असं मला फार वाटलं. शेवटी सावंत माझ्याकडे वळले, आणि आमच्या ओळखीत पहिल्यांदाच मराठीत नीट बोलले.

"तुम्ही सांगा त्याला."

"काय सांगू, साहेब?"

"तुम्हाला माहीत आहे ते."

"साहेब, तुम्ही बोलल्याशिवाय मला सांगता येत नाही हो."

मला ते हट्टाने म्हणायचं नव्हतं. माझी नोकरी त्या नियमावर होती, आणि माझं घर त्या नोकरीवर. त्यांनी चष्मा चढवला. आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं.

"ही. आता घर ही चालवते."

"वाइफ," मी म्हणाले.

जेसनने टाइप केलं. सह्या झाल्या. बाहेर पडताना सावंतांनी दार धरून ठेवलं, आधी मी जाईन म्हणून, मग स्नेहल. मला वाटलं, चला, झालं एक काम. संध्याकाळी मालकांनाही तसंच सांगितलं.

मदत मिळाली. फ्लॅट राहिला. मुलीने परीक्षा दिली आणि तिला चांगली शाळा मिळाली. एवढ्यावर थांबता आलं असतं तर मी थांबले असते.

सावंत मेळाव्यांना जात होते. मी तिथे खुर्च्या लावायला असायची. एका इमारतीच्या सुरक्षारक्षकाची जागा होती, एका फोनवर उत्तरं द्यायच्या कंपनीची होती. ते रांगेत उभे राहायचे, नंबर जवळ आला की पाणी प्यायला जायचे आणि परत मागे उभे राहायचे. दुपारी घरी. स्नेहल एकदा सांगत होती की मुलीने दप्तर टाकता टाकता विचारलं, "पापा, व्हाय यू ऑलवेज ॲट होम?" पोरीने सहजच विचारलं होतं. त्या दिवसापासून ते मुलगी यायच्या वेळी खाली इमारतीच्या बाकावर जाऊन बसायला लागले. ती वर गेली की थोड्या वेळाने वर जायचे, ऑफिसातून आल्यासारखे.

मग एक दिवस स्नेहल एकटी आली. घरातल्या माणसांत काही बदल झाला तर कळवायचा नियम होता, आणि तिला आता नियम पाठ होते.

"हे सांगलीला गेले, ताई."

"किती दिवसांसाठी?"

"तिकीट एकीकडचंच काढलंय. भावाच्या दुकानाचं हिशेबाचं बघणार म्हणतात." ती नंबर घेऊन बसली. मी तिच्याबरोबर काउंटरपर्यंत जायला निघाले तर म्हणाली, "आज तुम्हाला त्रास नको. मी बोलते." आणि ती बोलली, सरळ, इंग्रजीत, जेसनच्या डोळ्यांत बघून. घरात आता दोघीच आणि तिचं काम पूर्ण वेळाचं, असा हिशेब झाला आणि मदत बंद झाली. कागदावर आता तिला कशाची गरज नव्हती.

मी मॅडमना एकदा विचारलं होतं, मुख्य कमावतं कोण हा प्रश्न काढून टाकला तर काय होईल? त्या म्हणाल्या, प्रश्न प्रत्येकाला तोच आहे, उत्तर द्यायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला एक मिनिट. त्यांचंही बरोबर होतं. सावंत त्या प्रश्नामुळे गेले असं मला म्हणता येत नाही. मंदी होती, पन्नाशी जवळ आली होती, तिकडे आई होती. पण ते "ही" म्हणाले तेव्हा मी त्यांच्याकडे वाकले होते आणि मला त्यांच्या श्वासाचा आवाज आला होता. तो कधीकधी ऐकू येतो. इतक्या जोडप्यांच्या मध्ये मी बसले, त्यांची वाक्यं इकडून तिकडे नेली. कोणतं वाक्य कुठे जाऊन लागलं, ते बघायला मला कुणाच्या घरी जाता आलं नाही.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत मंडळाची पंगत होती. माझ्या पायाला सूज होती म्हणून त्या वर्षी मला बसवलं, आणि वाढायला तरुण मुली, बायका होत्या. स्नेहल भाताचं पातेलं घेऊन रांगेतून येत होती, तिच्यामागे मुलगी वरण घेऊन. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मिस्टर मोठ्या बँकेत, त्यांची नोकरी शाबूत होती. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय गं, सावंत दिसत नाहीत? गेल्या वर्षीही नव्हते."

"इंडिया ब्रँचला आहेत ना ते," स्नेहल म्हणाली. भाताची मूद त्यांच्या ताटात नीट बसवली. "तिकडचं सगळं त्यांच्यावरच आहे. निघताच येत नाही."

"अरे वा. प्रमोशन म्हणायचं."

"तसंच."

बाईंनी मुलीकडे बघून विचारलं, "पापांची आठवण येते का गं?"

मुलीने आईकडे पाहिलं नाही. वरणाचा डाव भरून घेतला. "पापा इज व्हेरी बिझी, आंटी," ती म्हणाली. अगदी सरावलेल्या आवाजात.

स्नेहल माझ्यापाशी आली.

"ताई, भात वाढू?"

"वाढ थोडा," मी म्हणाले आणि ताट पुढे केलं.